जुने विंडोज गेम लिनक्सवर: चित्र बिघडलं तर काय करायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यात बऱ्याच घरांत असा एक लॅपटॉप असतो: कॉलेजसाठी घेतलेला, विंडोज रखडत चालायला लागली म्हणून कोणीतरी मिंट किंवा उबुंटू टाकून दिलेला. चवथीला सगळे घरी जमले की एज ऑफ एम्पायर्स नाहीतर व्हाइस सिटीची आठवण निघते. गेम टाकला जातो, आणि पडदा काळा राहतो किंवा गवत लाल दिसतं. हे पान त्या वेळी उघडायचं.

आज्ञा, फाइल आणि पॅकेजची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. बरोबरचं चिन्ह असलेली व्हेरिएबल पूर्ण कॅपिटलमध्ये लिहा, बाकी आज्ञा स्मॉलमध्ये. त्याला अपवाद असेल तिथं तसं सांगितलं आहे.

बरेच उपाय करून पाहिले, तरी जमत नाही. सुरुवात कुठून करायची?

चित्र पडद्यापर्यंत कोणत्या वाटेनं येतं, ते आधी ओळखा. विंडोजचा गेम चित्र काढून घेण्यासाठी डायरेक्टएक्स, ओपनजीएल किंवा ग्लाइड यांपैकी कशाशी तरी बोलतो. लिनक्सवर ते बोलणं कोणीतरी भाषांतरित करतं. वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर. त्यातला वाइनडीथ्रीडी डायरेक्टथ्रीडीचं (डायरेक्टएक्सचा त्रिमितीय भाग) रूपांतर सहसा ओपनजीएलमध्ये करतो, तर डीएक्सव्हीके व्हल्कन या नव्या ग्राफिक्स पद्धतीत. त्याखाली कार्डाचा ड्रायव्हर असतो. बिघाड या तीन थरांपैकी एकात असतो, आणि चुकीच्या थरावर केलेला उपाय काहीच करत नाही. ग्लाइडच्या गेमला डीएक्सव्हीकेची नवी आवृत्ती देऊन उपयोग शून्य.

दुसरं, प्रत्येक गेमसाठी वेगळा प्रीफिक्स ठेवा, म्हणजे वाइनचा स्वतंत्र सी ड्राइव्ह. ल्यूट्रिस आणि बॉटल्स या वाइनचे गेम सांभाळणाऱ्या ॲप्समध्ये हे सहज होतं. एका गेमसाठी टाकलेली डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) दुसऱ्या गेमचं चित्र बिघडवते, आणि मग दोष कुणाचा हेच कळत नाही. प्रीफिक्स लिनक्सच्या पार्टिशनवरच ठेवा. जुन्या विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवलात तर सिमलिंक आणि परवानग्यांचे वेगळेच घोळ सुरू होतात.

माझा गेम कोणत्या वाटेनं जातो ते कसं कळेल?

सालावरून अंदाज येतो. १९९६ ते २००० मधले बहुतेक गेम डायरेक्टड्रॉ (डायरेक्टएक्सचा द्विमितीय भाग) किंवा डायरेक्टथ्रीडीच्या सातव्या आवृत्तीपर्यंतचे असतात. एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९) त्यांतला. व्हाइस सिटी (२००३) डायरेक्टथ्रीडी ८ वापरतो, सॅन अँड्रियास (२००५) डायरेक्टथ्रीडी ९. क्वेक ३ (१९९९) आणि त्याच्या इंजिनवरचे गेम ओपनजीएलचे. नीड फॉर स्पीड २ एसई (१९९७) सारख्या काहींत थ्रीडीएफएक्स कार्डासाठी ग्लाइडची सोय होती. गेमच्या फोल्डरमध्ये ग्लाइड२एक्स डीएलएल दिसली तर ती खूण समजा.

अंदाजावर थांबू नका, खात्री करा. ल्यूट्रिसमध्ये गेमवर राइट क्लिक, कॉन्फिगर, सिस्टिम ऑप्शन्स, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. तिथं डीएक्सव्हीके_एचयूडी हे नाव आणि समोर एपीआय,डेव्हइन्फो,एफपीएस ही किंमत टाका. किंमत मात्र स्मॉलमध्ये, स्वल्पविरामानंतर जागा न सोडता. स्टीममध्ये लाँच ऑप्शन्समध्ये तेच लिहून पुढे टक्का-कमांड-टक्का जोडा. गेम सुरू झाल्यावर कोपऱ्यात कार्डाचं नाव आणि डायरेक्टथ्रीडीची पातळी दिसली (हाच एचयूडी) तर चित्र डीएक्सव्हीकेतून येतंय. काहीच दिसलं नाही तर ते दुसऱ्या वाटेनं येतंय, आणि डीएक्सव्हीकेच्या सेटिंगशी खेळण्यात वेळ घालवू नका.

गेम उघडतो, पण सेकंदाला चार-पाच फ्रेम. किंवा उघडतच नाही. लॅपटॉप तर चांगला आहे.

सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. जुने गेम ३२ बिटचे असतात. तुमची लिनक्स ६४ बिटची. ब्राउझर, व्हिडिओ सगळं झकास चालतं, कारण ६४ बिटचा ग्राफिक्स ड्रायव्हर आहे. ३२ बिटचा मात्र टाकलेलाच नसतो. मग गेमला कार्ड सापडत नाही, आणि तो बंद तरी पडतो किंवा सगळं चित्र प्रोसेसरकडून काढून घेतो.

उबुंटू, मिंट, डेबियनवर आधी ३२ बिटची दारं उघडा: सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६, मग सुडो एपीटी अपडेट. इंटेल आणि एएमडी कार्डांसाठी मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स:आय३८६ आणि लिबजीएल१-मेसा-डीआरआय:आय३८६ ही दोन पॅकेजं. फेडोरात मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स.आय६८६. आर्चमध्ये मल्टिलिब भांडार चालू करून लिब३२-मेसा आणि कार्डाप्रमाणे लिब३२-व्हल्कन-इंटेल किंवा लिब३२-व्हल्कन-रेडिऑन.

एनव्हिडियाचं वेगळं आहे. तिथं ३२ बिटच्या लायब्ररीची आवृत्ती ड्रायव्हरच्या आवृत्तीशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळावी लागते. अपडेट झाल्यावर मशीन रिस्टार्ट केलं नाही तर जुनं कर्नल मॉड्यूल आणि नवी लायब्ररी यांचं जुळत नाही. एनव्हिडिया-एसएमआय चालवल्यावर व्हर्जन मिसमॅच असा संदेश येतो. रिस्टार्ट करा, बाकी काही करू नका. स्टीम किंवा ल्यूट्रिस फ्लॅटपॅकमधून (डिस्ट्रोपासून वेगळी, स्वयंपूर्ण पॅकेजं) घेतलं असेल तर त्याचा ग्राफिक्स ड्रायव्हर स्वतंत्र असतो, म्हणून सिस्टिम अपडेटनंतर फ्लॅटपॅक अपडेट हेही चालवावं लागतं.

तपासायचं कसं? व्हल्कन-टूल्स आणि मेसा-युटिल्स ही पॅकेजं टाका. व्हल्कनइन्फो --समरी आणि जीएलएक्सइन्फो -बी (हा बी कॅपिटल) चालवा. कार्डाच्या जागी फक्त एलएलव्हीएमपाइप लिहून आलं, तर चित्र प्रोसेसर काढतोय. मात्र या आज्ञा ६४ बिटची बाजू तपासतात; ३२ बिटची खात्री वर सांगितलेल्या एचयूडीतच होते.

वाइनची नवी वॉव६४ पद्धत (९.० पासून, २०२४) ३२ बिटच्या लिनक्स लायब्ररींशिवाय ३२ बिट गेम चालवते. त्यामुळे हा घोळ कमी होतो, पण थेट ओपनजीएल वापरणारे ३२ बिट गेम त्या पद्धतीत मंद पडू शकतात.

माझ्या जुन्या कार्डावर डीएक्सव्हीके चालेल का?

डीएक्सव्हीके २.० (२०२२) पासून व्हल्कन १.३ लागतं. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून पुढे चिंता नाही. पिढी प्रोसेसरच्या नावात असते: आय५-६२००यू मधला डॅशनंतरचा पहिला आकडा. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा व्हल्कन ड्रायव्हर अर्धवट आहे आणि टर्मिनलमध्ये तो तसं स्वतःच सांगतो. दुसऱ्या पिढीला व्हल्कनच नाही. या सगळ्या मशीनवर डीएक्सव्हीके बंद करून वाइनडीथ्रीडी वापरणं शहाणपणाचं. ल्यूट्रिसमध्ये रनर ऑप्शन्समधलं डीएक्सव्हीकेचं बटण बंद करा; प्रोटॉनमध्ये (स्टीमची वाइनवर बेतलेली आवृत्ती) प्रोटॉन_यूझ_वाइनडी३डी=१ असं द्या. २००५ पर्यंतच्या गेमला तेवढं पुरतं.

एनव्हिडियाची केपलर कार्डं (जीटीएक्स ६०० आणि ७०० मधली बहुतेक) ४७० च्या ड्रायव्हरवर थांबली आहेत, आणि त्यात व्हल्कन १.२ आहे. त्यांना डीएक्सव्हीके १.१०.३ द्या; ल्यूट्रिसमध्ये आवृत्ती हातानं निवडता येते. त्या जुन्या आवृत्तीत डायरेक्टथ्रीडी ८ ची सोय नाही, ती २.४ मध्ये (२०२४) आली. म्हणजे केपलरवर सॅन अँड्रियासला डीएक्सव्हीके आणि व्हाइस सिटीला वाइनडीथ्रीडी अशी विभागणी होते.

एएमडीच्या एचडी ७००० आणि आर७/आर९ २०० मालिकेतली अनेक कार्डं जुन्या कर्नलवर रेडिऑन नावाच्या ड्रायव्हरवर बसतात, आणि त्यावर व्हल्कन नाही. कर्नलला रेडिऑन.एसआय_सपोर्ट=० एएमडीजीपीयू.एसआय_सपोर्ट=१ हे दोन पर्याय द्या; त्यापुढच्या उपपिढीसाठी एसआयच्या जागी सीआयके. हे ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) डिफॉल्ट फाइलमध्ये लिहून सुडो अपडेट-ग्रब केलं की झालं. या ओळी सगळ्या स्मॉलमध्येच. त्याहून जुन्या एचडी ५००० आणि ६००० ला व्हल्कन मिळणार नाही.

एज ऑफ एम्पायर्समध्ये गवत लाल, पाणी जांभळं दिसतं. काय करू?

तो गेम २५६ रंगांचा आहे. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रंग साठवत नाही, रंगाचा क्रमांक साठवतो. कोणत्या क्रमांकाला कोणता रंग ते एका तक्त्यात असतं. आजचा डेस्कटॉप असा तक्ता पाळत नाही, त्यामुळे भाषांतर चुकलं की क्रमांक बरोबर आणि रंग भलतेच, असं होतं.

यावर आमचा पहिला उपाय सीएनसी-डीड्रॉ. ही मोफत डीएलएल डायरेक्टड्रॉचं सगळं काम स्वतःकडे घेते. झिपमधल्या डीड्रॉ डीएलएल, डीड्रॉ आयएनआय आणि शेडर्स फोल्डर या तिन्ही गोष्टी गेमच्या मुख्य ईएक्सईशेजारी ठेवा. नंतरची पायरी लोक विसरतात, आणि मग फाइल टाकूनही फरक पडला नाही म्हणतात. वाइन कुठलीही डीएलएल आधी स्वतःची वापरते. गेमच्या फोल्डरमधली वापर, असं तिला सांगावं लागतं. त्या गेमच्या प्रीफिक्सचं वाइनसीएफजी उघडा (ल्यूट्रिसमध्ये गेम निवडल्यावर खालच्या पट्टीत वाइनच्या खुणेशेजारच्या मेनूत मिळतं). लायब्ररीज टॅबमध्ये डीड्रॉ टाइप करून ॲड, मग एडिट, आणि नेटिव्ह देन बिल्टिन. ॲप्लाय करून बाहेर या.

तरीही काळा पडदा आला तर डीड्रॉ आयएनआयमध्ये रेंडरर=ओपनजीएल करून पाहा, तेही नाही तर रेंडरर=जीडीआय (दोन्ही स्मॉलमध्ये). शेवटचा पर्याय कार्डाला हातच लावत नाही. द्विमितीय गेमला त्यानं काही बिघडत नाही.

धुकं गायब, सावल्या चौकोनी, दूरच्या भिंती थरथरतात. कार्ड गेलं का?

कार्ड बहुधा ठीक आहे. १९९७ ते २००२ च्या गेमनी त्या काळच्या कार्डांच्या खास सोयींवर विसंबून काम केलं होतं, उदाहरणार्थ टेबल फॉग, म्हणजे धुकं काढण्याची जुनी पद्धत. आजच्या कार्डात त्या तशा नाहीत. डीजीव्हूडू२ त्या जुन्या कार्डांची नक्कल करतो आणि पुढे डायरेक्टथ्रीडी ११ मध्ये बोलतो, जे डीएक्सव्हीके उचलतो. म्हणून यासाठी व्हल्कन धड असलेलं कार्ड हवं.

डायरेक्टएक्स ७ पर्यंतच्या गेमला त्याच्या एमएस फोल्डरमधल्या एक्स८६ मधून डीड्रॉ आणि डी३डीआयएमएम, आठच्या गेमला डी३डी८, आणि ग्लाइडच्या गेमला ३डीएफएक्स फोल्डरमधल्या एक्स८६ मधून ग्लाइड२एक्स. एक्स८६ हेच, एक्स६४ नव्हे. फाइल टाकल्यावर वरच्यासारखंच नेटिव्ह देन बिल्टिन. मग डीजीव्हूडूसीपीएल उघडून आउटपुटमध्ये डायरेक्ट३डी ११ निवडा आणि डायरेक्टएक्स टॅबमधला वॉटरमार्क बंद करा. पहिल्या वेळी वॉटरमार्क चालू ठेवलेला बरा: कोपऱ्यात खूण दिसली म्हणजे डीएलएल खरंच लागली. सीएनसी-डीड्रॉ आणि डीजीव्हूडूची डीड्रॉ एकाच फोल्डरमध्ये राहू शकत नाहीत. एक निवडा.

गेम पडद्याच्या कोपऱ्यात चिमुकला दिसतो, किंवा बंद पडल्यावर डेस्कटॉप ६४० बाय ४८० मध्ये अडकतो.

अडकलेला डेस्कटॉप एक्स११ (एक्सऑर्ग) सत्रात एक्सरँडआर -एस ० नं सुटतो. पुन्हा होऊ नये म्हणून गेमला खऱ्या पडद्याचं रिझोल्यूशन बदलूच देऊ नका. वाइनसीएफजीच्या ग्राफिक्स टॅबमध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉप चालू करून गेमचं मूळ माप द्या, समजा ८०० बाय ६००. मोठं करून हवं असेल तर गेमस्कोप (गेमचं चित्र ताणून दाखवणारा प्रोग्रॅम): -डब्ल्यू ८०० -एच ६०० हे स्मॉलमध्ये गेमचं माप, -डब्ल्यू १९२० -एच १०८० हे कॅपिटलमध्ये तुमच्या पडद्याचं, मग -एफ, दोन डॅश आणि गेमची आज्ञा. ल्यूट्रिसच्या सिस्टिम ऑप्शन्समध्ये यासाठी रकाने आहेत. गेमस्कोपलाही व्हल्कन लागतं, हे लक्षात ठेवा.

गेममधून बाहेर आल्यावर सगळा डेस्कटॉप भगभगीत किंवा काळवंडलेला.

गेमनं गामा (पडद्याचा उजळपणा) बदलला आणि परत न करताच तो मेला. एक्सगामा -गामा १ चालवा. वेलँड (एक्स११ च्या जागी आलेली नवी पद्धत) सत्रात उलट घडतं: गेममधली ब्राइटनेसची पट्टी सहसा काहीच करत नाही. लॉगिनच्या पडद्यावर एक्सऑर्ग सत्र मिळत असेल तर ते निवडून पाहा.

सुरुवातीचा व्हिडिओ काळा आणि आवाज मात्र येतो.

हा प्रश्न कोडेकचा. वाइन व्हिडिओसाठी जीस्ट्रीमर वापरते आणि इथंही ३२ बिटच्या आवृत्त्या लागतात: जीस्ट्रीमर१.०-प्लगइन्स-गुड:आय३८६ आणि जीस्ट्रीमर१.०-लिबएव्ही:आय३८६. नव्वदच्या दशकातल्या इंडिओ व्हिडिओंसाठी वाइनट्रिक्समधून (वाइनमध्ये जादा घटक टाकणारं साधन) आयकोडेक्स. स्टीमच्या प्रोटॉनमध्ये व्हिडिओऐवजी रंगीत उभे पट्टे दिसले तर प्रोटॉनकडे तो कोडेक नाही. जीई-प्रोटॉन ही बाहेरच्यांनी तयार केलेली आवृत्ती वापरून पाहा. घाई असेल तर व्हिडिओच्या फाइलचं नाव बदलून ठेवा, बरेच गेम सरळ मेनूवर जातात.

गाड्या उडतात, पात्रं पळत सुटतात, पोहताना पुढे सरकता येत नाही.

फ्रेम फार जास्त. जुन्या गेममध्ये हालचालीचं गणित फ्रेमशी बांधलेलं असतं. व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियासच्या डिस्प्ले मेनूतला फ्रेम लिमिटर चालूच ठेवा. इतरांसाठी डीएक्सव्हीके_फ्रेम_रेट=६०, आणि तरीही विचित्र वागलं तर ३०. वाइनडीथ्रीडी किंवा ओपनजीएलवर हेच काम मँगोहड या वेगळ्या साधनाच्या एफपीएस_लिमिटनं होतं.

आठ जीबीचं कार्ड, आणि गेम म्हणतो व्हिडिओ मेमरी कमी आहे!

आकडा इतका मोठा की जुन्या गेमच्या हिशोबात तो उलटून ऋण होतो. वाइनडीथ्रीडीवर वाइनट्रिक्स व्हिडिओमेमरीसाइझ=५१२ (सगळं स्मॉलमध्ये). डीएक्सव्हीकेवर गेमच्या फोल्डरमध्ये डीएक्सव्हीके.कॉन्फ नावाची साधी टेक्स्ट फाइल करून त्यात डी३डी९.मॅक्सअव्हेलेबलमेमरी = ५१२ ही ओळ; मॅक्सचा एम स्मॉल, अव्हेलेबलचा ए आणि मेमरीचा एम कॅपिटल.

क्वेक ३ च्या इंजिनवरचा गेम सुरू होताच बंद.

कार्ड स्वतःच्या ओपनजीएल सोयींची यादी एका लांब ओळीत देतं. १९९९ मध्ये ती छोटी होती आणि गेमनं तेवढीच जागा राखून ठेवली होती. आज ती मावत नाही. इंटेल आणि एएमडीवर मेसा_एक्स्टेन्शन_मॅक्स_इयर=२००२ द्या, म्हणजे त्यानंतरच्या सोयी लपतात. एनव्हिडियावर दोन अंडरस्कोरनी सुरू होणारं __जीएल_एक्स्टेन्शनस्ट्रिंगव्हर्जन=१७७००; यात जी, एल, ई, एस, व्ही ही पहिली अक्षरंच कॅपिटल.

क्वेक ३ साठी मात्र यात पडूच नका. त्याचा सोर्स कोड २००५ मध्ये खुला झाला आणि आयओक्वेक३ थेट लिनक्सवर चालतं. मूळ डिस्कमधल्या आणि अधिकृत पॅचमधल्या पीके३ फाइल तेवढ्या लागतात. रेड अलर्टसाठी ओपनआरए तसंच. लिनक्सवरचं इंजिन मिळत असेल तर वाइनच्या वाटेला जाऊ नये, हे आमचं ठाम मत.

लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही आहेत. गेम कोणतं वापरतो?

एचयूडीत नाव दिसेल. एनव्हिडियावर ढकलायला प्राइम-रन, नाहीतर __एनव्ही_प्राइम_रेंडर_ऑफलोड=१ आणि __जीएलएक्स_व्हेंडर_लायब्ररी_नेम=एनव्हिडिया; ही शेवटची किंमत स्मॉलमध्ये. एएमडी असेल तर डीआरआय_प्राइम=१. विसाव्या शतकातल्या गेमला खरं तर इंटेलचंच पुरतं, आणि पंखाही शांत राहतो.

पावसाळ्यापासून पडद्यावर रंगीत ठिपके आणि रेघा येतात. सेटिंग कोणतं बदलू?

कोणतंही नको. आधी बायोसचा पडदा उघडा. तिथंही रेघा असतील तर प्रश्न हार्डवेअरचा आहे. आपल्याकडे जूनपासून दमट हवा, किनाऱ्यावर खारा वारा आणि डिचोली-साखळीकडे उन्हाळाभर लाल धूळ. कार्डाची सोनेरी टोकं काळवंडतात आणि पंख्यात गाळ बसतो. डेस्कटॉप असेल तर वीज काढून कार्ड बाहेर घ्या, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण सुकल्यावर बसवा. लॅपटॉपमध्ये सेन्सर्स आज्ञेनं तापमान बघा. खेळताना ते ९० अंशांवर टिकून राहत असेल तर पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्या.

गेमच्या पोतांमध्येच तुकडे गायब असतील तर डिस्क उजेडात धरा. दमटपणानं बुरशीच्या नक्षीसारखे डाग पडलेले असतात, आणि इन्स्टॉल होताना खराब फाइल उतरते. मऊ सुती कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल फिरवत नाही. मग जीडीडीरेस्क्यू पॅकेजमधल्या डीडीरेस्क्यूनं आयएसओ काढा आणि त्यातून नव्यानं इन्स्टॉल करा.

मूळ डिस्क घातली आहे, तरी पडदा क्षणभर काळा होऊन गेम मिटतो.

सेफडिस्क असेल. त्या संरक्षणाला विंडोजमधला एक ड्रायव्हर लागतो, आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटनं तो खुद्द विंडोजनंच बंद केला. ग्राफिक्सची कुठलीही सेटिंग इथं कामाची नाही. निर्मात्याचा अधिकृत शेवटचा पॅच किंवा संरक्षणाशिवाय विकली जाणारी डिजिटल प्रत घ्या.

वाळपईच्या आतल्या गावात रेंज जेमतेम. काय काय उतरवू?

गावात जाण्याआधी म्हापसा-पणजीला असताना वाइन, ३२ बिट ड्रायव्हर आणि ल्यूट्रिस डिस्ट्रोच्या भांडारातून घ्या. फ्लॅटपॅकचा डोलारा मोठा असतो. डीएक्सव्हीके, सीएनसी-डीड्रॉ आणि डीजीव्हूडू२ प्रत्येकी काही एमबींचे आहेत, ते पेनड्राइव्हवर ठेवा. प्रोटॉन शेकडो एमबी असतो. २००५ पूर्वीच्या गेमसाठी त्याच्यावाचून सहसा अडत नाही.

एवढं करूनही जमलं नाही. दुसऱ्याला विचारताना काय पाठवू?

पडद्याचा फोटो पुरत नाही. डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती, एक्सऑर्ग की वेलँड, व्हल्कनइन्फो --समरी आणि जीएलएक्सइन्फो -बी यांचं उत्तर, वाइन किंवा प्रोटॉनची आवृत्ती, गेमची कोणती प्रत आणि कोणता पॅच, गेमच्या फोल्डरमध्ये टाकलेल्या डीएलएल. ल्यूट्रिसमध्ये गेमच्या मेनूतून शो लॉग्ज; स्टीममध्ये प्रोटॉन_लॉग=१ दिलं की होम फोल्डरमध्ये स्टीम-आणि-क्रमांक अशा नावाची लॉग फाइल तयार होते. ती मोठी असेल तर झिप करा, पण वरचा भाग कापू नका: वाइनची आवृत्ती, कार्डाचं नाव आणि कोणती डीएलएल कुठून उचलली, हे तिथंच लिहिलेलं असतं.